कोणते कोकण?

कोकणाची लोकसंख्या वाढते आहे की घटते आहे? रत्नागिरीतल्या एखाद्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. दोन्ही उत्तरे येतील आणि दोन्हींना आकड्यांचा आधार सापडेल.

शासनाच्या कोकण विभागात मुंबई, ठाणे धरून सात जिल्हे येतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तेव्हाच्या एकट्या ठाणे जिल्ह्यात सुमारे २९ लाख माणसांची भर पडली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. सिंधुदुर्गाचीही घटली. ‘कोकणाची लोकसंख्या वाढली’ हे विधान हिशेबाने चूक नाही. पण गावागावांतली कुलूप लावलेली घरे त्या बेरजेत दिसेनाशी होतात. अशी विधाने लिहिणाऱ्यांनी आपले कोकण कोठून कोठपर्यंत, हे निदान एका ओळीत सांगायला हवे. ते बहुधा सांगितले जात नाही.

हद्दी तर कामागणिक बदलतात. हवामान खात्याच्या उपविभागाचे नावच ‘कोकण व गोवा’. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते, म्हणजे ठाणे जिल्हा तिच्या बाहेर. उलट कर्नाटकाचा किनारा मात्र आत. १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आलेली कोकणी भाषा वेगळी आणि आपल्या मुलांच्या घरची संगमेश्वरी बोली वेगळी. तरी मुंबईत हीच मुले ‘कोकणी’ ठरतात. वनस्पतिशास्त्रात रानशेवग्याचे नाव मोरिंगा कॉन्कॅनेन्सिस, आणि तो राजस्थानच्या कोरड्या टेकड्यांवरही वाढतो! प्रयोगशाळेतल्या प्रशियन ब्ल्यूचे असेच आहे. जर्मनीतले प्रशिया राज्य १९४७ मध्ये रद्द झाले, रंगाचे नाव राहिले. या शेवटच्या दोन नावांनी कोणाचे बिघडत नाही, कारण त्यांवरून कोणी सरासरी काढत नाही.

सैल हद्द कधी योग्यही असते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणातील कातळशिल्पांत गोव्याचेही एक ठिकाण आहे. ते ठीकच झाले. जांभ्याचे सडे राज्याची सीमा पाहून थांबत नाहीत.

शिक्षकांनी ट्रेसिंग पेपरवर महसूल विभाग, हवामानाचा उपविभाग आणि रेल्वेमार्ग असे तीन नकाशे मुलांकडून काढून घ्यावेत आणि एकमेकांवर ठेवावेत. तिन्हींत येणारे जिल्हे कोणते, हे मुलांनाच मोजू द्यावे.