‘अनास्तासिया’ : पडद्यावरील नात आणि इतिहासातील आजी

डॉन ब्लूथ व गॅरी गोल्डमन या दिग्दर्शकद्वयाचा ‘अनास्तासिया’ हा ॲनिमेशनपट १९९७ साली प्रदर्शित झाला. फॉक्स कंपनीने त्यांच्यापुढे दोन जुन्या चित्रपटांचे विषय ठेवले होते : ‘माय फेअर लेडी’ किंवा ‘अनास्तासिया’. त्यांनी दुसरा निवडला; पण पहिला काही त्यांना सोडून गेला नाही, असे आम्हांस वाटते. अनाथाश्रमातून बाहेर पडलेल्या मुलीला दोन लबाड इसम राजकन्येचे चालणे-बोलणे शिकवतात, ही गोष्ट अखेर कोणाची?

चित्रे देखणी आहेत, हे मान्य करावयास हवे. १९१६ मध्ये पंधरा वर्षांची असलेली राजकन्या येथे आठ वर्षांची आहे; १९१३ चा त्रिशतसांवत्सरिक सोहळा तीन वर्षे पुढे सरकला आहे. एवढी मोकळीक कलावंताला द्यावीच लागते.

आमची हरकत रास्पुतिनविषयी आहे. डिसेंबर १९१६ मध्येच ज्याचा खून झाला, त्याच्या शापातून येथे राज्यक्रांती उद्भवते. युद्ध, भूक, झारचा हेकटपणा, सारे एका मांत्रिकाच्या धुरात विरून जाते. आणि मग गोळ्या झाडणारे हातही दिसेनासे होतात. १७ जुलै १९१८ रोजी येकातेरिनबुर्गच्या तळघरात अकरा जण मारले गेले. त्यांत झारची पाच मुले होती. त्या तळघराला चित्रपटात जागाच नाही.

पटकथेला एक फट मात्र उपलब्ध होती. १९९१ मध्ये उकरलेल्या कबरीत दोन मुलांचे अवशेष नव्हते. ते २००७ मध्ये सापडले आणि डीएनए चाचण्यांनी ती फट बुजली. तत्पूर्वीच, २००० साली, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने या कुटुंबाला संतपद दिले होते.

चित्रपटातील आजी पॅरिसमध्ये नातीची वाट पाहते. प्रत्यक्षातील मारिया फेओदोरोव्हना मायदेशी डेन्मार्कला परतल्या व १९२८ साली तेथेच निवर्तल्या. मुलाचे कुटुंब मारले गेले, हे त्यांनी अखेरपर्यंत उघडपणे मान्य केले नाही. मात्र आपण अनास्तासिया असल्याचा दावा करणाऱ्या बर्लिनच्या ॲना अँडरसनला त्यांनी भेटही दिली नाही. (तो दावा खोटा होता, हे १९९४ च्या डीएनए चाचणीने दाखवून दिले.) आशा आणि नकार एकाच अंतःकरणात! ही आजी पटकथाकारांच्या हाताशी होती.