विंचू चावला, पण उतरला नाही

भारूड म्हटलं की मला आधी नऊवारी नेसलेला सोंगाड्या आठवतो. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पदराआडून डोकावणाऱ्या मिशा. आमच्या भागातल्या एका भारुडी मंडळाला २५ वर्षं झाली म्हणून पाडव्यानंतर युसूफ वडगावात पारापुढं कार्यक्रम ठेवला होता. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती. बाया लेकरं घेऊन पुढंच बसल्या होत्या.

पहिला तासभर सत्कारातच गेला. शाल, नारळ, भाषण, पुन्हा शाल. मग 'विंचू' आला. शाहीर साबळ्यांच्या आवाजात हे भारूड ऐकत आमची पिढी वाढली. इथला तरणा सोंगाड्या इचू डसल्यागत असा लोळला, की म्हातारी माणसं खोकला येईस्तोवर हसली. पण हा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा, ही उकल झालीच नाही. टाळ्या पडल्या की पुढचं सोंग हजर. पैठणच्या एकनाथ महाराजांनी हसवलं ते पुढचं सांगण्यासाठी. नुसतं हसवून सोडलं तर ते भारूड अर्धंच.

मधल्या बतावणीत सगळे विनोद बायकोवर. जाड बायको, भांडकुदळ बायको. १९६०च्या दशकात वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार राजदरबाराचीच टोपी उडवायचा. त्या हसण्यात हिंमत होती. गरिबानं गरिबाच्या बायकोला हसायचं, यात कसली आली हिंमत?

शेवटी 'दादला' घेऊन म्हातारे आबा उभे राहिले. ना लोळणं, ना डोळे मिचकावणं. घराचं गाऱ्हाणं, लुगड्याचं गाऱ्हाणं, भाकरीचं गाऱ्हाणं, एकेक सांगायचे आणि थांबायचे. पहिल्याला बाया हसल्या, दुसऱ्याला हसल्या, तिसऱ्याला गप झाल्या. सहा महिने कोपीत काढून आलेल्यांना ती गाऱ्हाणी पाठ होती. मग आबांनी दोन वाक्यांत अर्थ सांगितला अन् हात जोडले. त्या दहा मिनिटांत २५ वर्षांचं चीज झालं.

निघताना मी विचारलं, "आबा, इचवाचा अर्थ कामून गाळला?"

"येळच कुठं ठिवला, बापू? शालीच लई झाल्या."

मंडळाला माझं एवढंच सांगणं : पुढच्या वर्धापनदिनाला शाली कमी करा आणि आबांना अर्धा तास जास्त द्या.