कुठं जायचंय? : अनोळखी माणूस आणि मराठी सभ्यता

नमस्कार मंडळी. सभागृहात बसलेल्यांना, आणि घरी पडद्यासमोर बसून ऐकताहेत त्यांनाही.

हा नमस्कार आम्ही किती सहज केला बघा. याच एका शब्दावरून मुंबईत सरकारी हुकूम निघाला होता; त्याच्याकडे थोड्या वेळानं येऊ. आधी एक तक्रार घेऊ, कारण आजचं व्याख्यान त्या तक्रारीतूनच निघालं आहे.

तक्रार अशी : मराठीत 'प्लीज'ला रोजच्या वापरातला शब्द नाही, 'थँक यू'ला नाही, 'सॉरी'ला तर नाहीच, म्हणून मराठी माणूस तुसडा. परदेशात चार वर्षं काढून आलेला भाचा हे सांगतो, पुण्यातल्या दुकानातून हात हलवत परतलेलं गिऱ्हाईक सांगतं. यावर एक ठरलेलं उत्तरही आहे : आमची सभ्यता तोंडी नसते, ती मनात असते, वागण्यात असते. हे उत्तर आम्ही स्वतःही अनेक व्याख्यानांतून दिलं आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. आज त्या टाळ्यांपैकी निम्म्या परत करायच्या आहेत.

तक्रार खोडायला फार वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवर उभे राहा आणि ऐका. चहा दे. चहा द्या. चहा द्या ना. जरा एक चहा द्याल का? एक चहा मिळेल का? कोल्हापूरकडं 'द्या की', नागपूरकडं 'द्या ना जी'. यात प्लीज कुठं आहे विचाराल, तर ते क्रियापदाच्या शेपटीत आहे, 'जरा'मध्ये आहे, 'ना' आणि 'की'मध्ये आहे. इंग्रजीत 'गिव्ह' हे राजालाही तसंच आणि कुत्र्यालाही तसंच, म्हणून त्यांना बाहेरून एक शब्द आणून जोडावा लागतो. आपल्याकडं तोंड उघडलं की 'दे' की 'द्या' हे ठरवावंच लागतं. 'कृपया' हा शब्द आपल्याला आहे, पण तो फलाटावरच्या घोषणेत आणि कार्यालयाच्या भिंतीवर राहतो. घरी जेवताना 'आई, कृपया मीठ दे' म्हणून बघा. ती आधी कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल.

आभाराचंही तसंच. घरातल्या माणसाचे आभार मानले तर तो म्हणतो, आभार मानून परकं करू नका. म्हणजे आभार ही परक्यांसाठीची गोष्ट. गोव्यात कोकणीत 'देव बरें करूं' म्हणतात. तिथं उपकाराची फेड माणूस करत नाही, ती देवाकडं वळती करतो. व्यवस्था चांगली आहे. आणि निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. निघताना परतण्याचं वचन देणारी भाषा तुसडी कशी?

इथवर टाळ्या पडतात. आता पुढं.

मालिनोवस्की या मानवशास्त्रज्ञानं 1923 साली एक निरीक्षण मांडलं : माणसं पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत, नुसतं जोडलेलं राहण्यासाठी बोलतात. हातात पिशवी दिसत असताना आपण विचारतो, 'काय, बाजारात निघालात?' उत्तर येतं, 'हो, जरा.' संपलं. 'जेवलात का?' हाही प्रश्न नव्हे, आणि अमेरिकेतल्या दुकानातलं 'हाऊ आर यू'ही प्रश्न नव्हे. त्याला खरं समजून गुडघेदुखीची हकिकत सुरू करणारी आपली ज्येष्ठ मंडळी आम्ही पाहिली आहेत. पण या दोन्हींत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. 'हाऊ आर यू' कुणालाही, म्हणजे ज्याचं नावगाव माहीत नाही त्यालाही. 'बाजारात निघालात?' हे ओळखीच्यालाच. अनोळखी माणसाला आपण हे विचारत नाही. मग काय विचारतो?

'पाव्हणं, कुठलं?'

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पारावर हा प्रश्न येतो, आणि त्यातला गोडवा आम्हाला नाकारायचा नाही. अनोळखी माणसाला थेट पाहुणा म्हणायचं, याला मोठं मन लागतं. पण पाहुण्यानं गाव सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, कुणाकडं आलात? आणि मग तिसरा, आडनाव काय म्हणालात? पहिल्या प्रश्नाला आम्ही आतिथ्य म्हणतो. तिसऱ्याला काय म्हणायचं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाड्यानं घर शोधताना फोनवर 'पूर्ण नाव सांगा' हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना तर जास्तच.

सभ्यतेच्या अभ्यासात पेनेलपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचं काम पायाभूत मानलं जातं. त्यांचं पुस्तक 1987 साली आलं, त्याआधी 1978 मध्ये ते दीर्घ निबंध म्हणून छापलं होतं. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि कोइमतूरकडची तमिळ अशा तीन भाषांवर ते उभं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात : लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं, आणि लोकांनी आपल्या आड येऊ नये. आपण किती नमून बोलायचं हे तीन मापांवर ठरतं : समोरच्याची सत्ता किती, त्याच्यापासूनचं अंतर किती, आणि मागतोय ती गोष्ट केवढी. ही मापं उपयोगाची आहेत. आमची हरकत एवढीच की ती वाचताना वाटतं, मापं आधीच हातात आहेत आणि बोलणारा फक्त हिशेब करतो. आपल्याकडं सत्ता आणि अंतर मोजण्यासाठीच बोलणं सुरू होतं. 'कुठलं पाव्हणं' हे अभिवादनही आहे आणि मापपट्टीही. क्रियापदाला शेपूट कुठलं लावायचं, हे त्या मापपट्टीशिवाय ठरत नाही. म्हणजे ज्या व्याकरणाचा आम्ही इतका वेळ अभिमान सांगितला, तेच व्याकरण अनोळखी माणसाला अनोळखी राहू देत नाही.

आता तो हुकूम. 1779 साली मुंबईत सोनार आणि ब्राह्मण यांच्यात 'नमस्कार' या अभिवादनावरून वाद होता. पुणे दरबाराशी सलोखा राखणं ईस्ट इंडिया कंपनीच्या हिताचं होतं. म्हणून कंपनीच्या मुंबई सरकारनं सोनारांना 'नमस्कार' वापरायला मनाई केली. डॉ. आंबेडकरांच्या लेखनात हा हुकूम उद्धृत केलेला आहे. विचार करा, हत्यारं नव्हेत, जमीन नव्हे, एक शब्द. हात जोडून म्हणायचा शब्द कुणी म्हणायचा, हा दोन सत्तांमधल्या राजकारणाचा विषय होता. (अभिवादनात सरकारनं लक्ष घालणं संपलेलं नाही. 2022 साली सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं असं शासनानं कळवलं. सक्ती नव्हती. किती जण म्हणतात ते तुम्हीच एखाद्या कार्यालयात फोन लावून बघा.)

ज्यांना नमस्कार नव्हता त्यांना काय होतं? महार समाजाला 'जोहार' होता. तो वाकून आणि दुरून घालायचा. चोखामेळ्याच्या नावावर 'जोहार'चे अभंग आहेत, एकनाथांनीही जोहार लिहिले. आम्ही ते वर्गात शिकवत असू, तेव्हा त्यातली भक्ती सांगायचो आणि पुढच्या पानावर जायचो. हा शब्द कुणावर लादला होता, ते कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. हे आमचं अपुरं शिकवणं होतं. गंमत म्हणा की न्याय म्हणा, हाच 'जोहार' पालघरच्या आदिवासी पाड्यांवर आज ताठ मानेनं, एकमेकांना, बरोबरीनं घातला जातो. शब्दात काही नसतं; तो एकाच बाजूनं जातो की परत येतो, एवढंच बघायचं.

म्हणून 'जय भीम' आम्हाला मराठीच्या सामाजिक इतिहासातली फार मोठी घटना वाटते. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास यांना दिलं जातं. 'जय भीम' म्हटलं की उत्तर 'जय भीम'च येतं. कोण आधी म्हणतो, किती वाकतो, हा प्रश्नच नाही. वारीतलं 'माउली' त्याच्या जवळ जातं. वाटेत वयानं मोठा माणूस लहानाच्या पाया पडतो, लगेच लहान त्याच्या पडतो, आणि नाव कुणी विचारत नाही. वारी संपून घरी परतल्यावर काय होतं, ते संतांनीही लिहून ठेवलं नाही, आम्ही कुठून सांगणार.

पु. ल. देशपांडे यांचं मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर यांच्यावरचं कथन आपल्या सगळ्यांना अर्धं पाठ आहे. त्याचा एक परिणाम आम्हाला खटकतो. त्यात पुणेकराच्या तुच्छतेची टर उडवली आहे, आणि ऐकणारे पुणेकर ते प्रशस्तिपत्र म्हणून घरी नेतात. दुकानदाराच्या उर्मटपणावर आम्ही इतकं हसतो, की उर्मटपणा म्हणजे गिऱ्हाइकाला दुपारी दाराबाहेर ठेवणं, एवढीच आमची कल्पना झाली आहे. ज्या उर्मटपणावर हसू येत नाही तो दिसतच नाही. तो गोड शब्दांत असतो.

मागे आम्ही एका रुग्णालयात तीन दिवस काढले. तिथं साफसफाई करणाऱ्या, रुग्णाला उठवणाऱ्या-बसवणाऱ्या बायकांना 'मावशी' म्हणतात आणि पुरुषांना 'मामा'. सगळीकडंच म्हणतात. आईच्या बहिणीचं आणि भावाचं नातं, दोन्ही कसं हुद्दा होऊन बसलंय बघा. पंचविशीतला डॉक्टर पंचावन्नच्या बाईंना म्हणाला, 'मावशी, इकडे ये गं.' त्या म्हणाल्या, 'आले सर.' आम्हाला ते टोचलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी मागताना आमच्याच तोंडून 'मावशी, जरा दे गं' निघालं. 'जरा'ही होतं बरं का त्यात! संध्याकाळी त्यांच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून आम्ही म्हणालो, 'बाई, तुम्ही बसता का थोडा वेळ? दमला असाल.' त्या एकदम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'काही चुकलं का माझं?'

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या घरांतही आई रागावली की 'तू'चं 'तुम्ही' होतं : 'या, आलात का साहेब?' त्या बाईंना आयुष्यात 'तुम्ही' बहुतेक असंच भेटलं असणार, तक्रारीच्या आधी. म्हणजे उद्यापासून सगळ्यांना अहो-जाहो करू या, म्हणून ठरवलं की झालं, असंही नाही. आणि 'सभ्यता मनात असते' या उत्तरातली खोट तिथं कळली. आमच्या मनात तर आदर होता. बाईंच्या वाट्याला आला तो 'गं'.

इथं परदेशी 'थँक यू'ची बाजू घ्यावी लागते. तो शब्द पोकळ आहे, सवयीचा आहे, कबूल. पण तो पोकळ आहे म्हणूनच त्याला आडनाव लागत नाही. इंग्रजांच्या देशात वर्गभेद नाही असं नाही. तो उच्चारात आहे, चांगला घट्ट आहे. तरी बसमधून उतरणारा चालकाला 'थँक यू' म्हणतो, तेव्हा त्याला चालकाचं गाव आधी ठरवावं लागत नाही. आणि आपल्या मुंबईच्या लोकलमध्येही असं काहीतरी घडलेलंच आहे. तिघांच्या बाकावर चौथा येतो, हातानं खूण करतो, तिघं सरकतात. दारातून आलेली बॅग रॅकवर पोचते. 'कुठं?' 'ठाणे.' जागा ठरली. नमस्कार नाही, आभार नाही, आणि कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं 1963 साली शहरी माणसाच्या सभ्य दुर्लक्षाबद्दल लिहिलं : दुसऱ्याची दखल घ्यायची, आणि मग त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं. लोकलमधली माणसं ते दुर्लक्ष करतात आणि वर जागाही देतात.

मग मराठीच्या व्याकरणात अशी सोय आहे का? आहे, आणि ती आम्हाला एसटीत सापडली. पुण्याच्या पाटीवर 'येथे वाहने लावू नयेत' लिहिलेलं असतं, त्यात कुणालाच उद्देशलेलं नसतं. तू नाही, तुम्ही नाही. ब्राऊन-लेव्हिन्सन यांच्या यादीत हे नम्रतेचं तंत्र ठरेल. पाटीवर ते फटक्यासारखं वाटतं, ही गोष्ट निराळी. पण हेच तंत्र कंडक्टर बोलण्यात वापरतो. गाडीत मास्तर असतात, ऊसतोड कामगार असतात, कॉलेजची मुलगी असते, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी असते. प्रत्येकाला 'तू' की 'तुम्ही' ठरवत बसला तर तिकिटं कधी फाडणार? तो येतो आणि सगळ्यांना एकच विचारतो : 'कुठं जायचंय?'

'तुला' नाही, 'तुम्हाला' नाही. मास्तरांनाही तेच आणि मजुरालाही तेच. वाक्यातून माणूस गाळला, आणि प्रश्न प्रत्येकाच्या मुक्कामाचा राहिला. यात ऊब नाही हे खरं. हा कंडक्टरही एखाद्या पोराला 'ए, आत सरक' म्हणतोच. पण तिकिटाच्या क्षणापुरतं, कुठून आलात हे न विचारता कुठं जायचं एवढंच विचारणारं मराठी आपल्याकडं आहे, आणि त्यासाठी इंग्रजीतून काही उसनं आणावं लागलेलं नाही.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ या. मागं हात वर आहे तिथं ध्वनिक्षेपक द्या जरा... बोला, काय विचारायचंय?