आधी ठिपके, मग रंग

दिवाळीच्या पहाटे अंगणात रांगोळी काढणारी गृहिणी आधी ठिपके घालते, मग रेषा जोडते, आणि रंग सर्वांत शेवटी भरते. ठिपका चुकला तर कितीही झकास गुलाबी रंग ती रांगोळी सावरू शकत नाही. आखीव बागेचेही तसेच आहे. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या दारांतल्या बागा पाहताना मला वाटते, येथे रंगच आधी सांडले आहेत.

फाटकाशी पिवळ्या दुरांताचे कुंपण, त्याला लागून तांबडा साल्व्हिया, मग झेंडू, आणि हिरवळीवर झाडोऱ्यानेच लिहिलेले कंपनीचे नाव. सगळेच मोठ्याने बोलतात, ऐकावे कुणाचे? तांबडा रंग डोळ्याला जवळ भासतो, निळा दूर. आधीच अरुंद असलेल्या बागेच्या टोकाला तांबडा ताटवा लावला, की ती आणखीच आखडते.

याउलट छत्रपती संभाजीनगरचा बीबी-का-मकबरा पाहावा. सतराव्या शतकातली ही चारबाग. मधोमध पाण्याचा सरळ पाट, दोन्ही अंगांना वाटा आणि झाडे, समोर पांढरी वास्तू. रंग म्हणाल तर हिरवा, पांढरा आणि आभाळाचा. फुले नसली तरी बाग उणी वाटत नाही, कारण तिचे ठिपके अचूक पडले आहेत.

कुणी म्हणेल, कारखान्याला एवढी ऐसपैस जागा कुठली? मान्य. पण प्रश्न जागेचा नाही, बाग कुणासाठी याचा आहे. कामगार पाळी बदलून निघतो तेव्हा पुष्कळदा तिन्हीसांजा झालेल्या असतात. अंधुक उजेडात तांबडा रंग सर्वांत आधी काळवंडतो, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले आहे. त्या वेळी उजळून दिसते ती पांढरी तगर, कुंदा, अनंत. ती मात्र फाटकाशी क्वचितच आढळतात.

सावलीचा विचारही आखणीतच यावा लागतो. टेल्कोच्या कारखान्यासाठी पिंपरीचा ओसाड माळ घेतला, तेव्हा सुमंत मुळगावकरांनी तेथे हजारो झाडे लावली, तळे केले. ती आखीव बाग नव्हे; पण त्यांनी ठिपके आधी घातले, एवढे खरे.

परवाच एका रंगीबेरंगी फाटकासमोर उभा होतो. दुपारची सुट्टी झाली. माणसे बागेला वळसा घालून रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली डबे सोडून बसली. त्या बागेवरची टीका त्यांनी माझ्याआधीच केली होती.