पुसलेल्या दगडावरची लक्ष्मी

विष्णुशास्त्री चिपळूणकर म्हटले की 'निबंधमाला' (१८७४) आठवते, 'केसरी' (१८८१) आठवतो. मधल्या काळात, १८७८ मध्ये, पुण्यात त्यांच्याच पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला. त्याची बोळवण मात्र एका ओळीत होते. निबंध वाचता न येणाऱ्यांच्या भिंतीवर शिवाजी महाराज आणि नाना फडणवीस पोचले ते या छापखान्यामुळे. आपल्या वाङ्मयेतिहासाला भिंती दिसत नाहीत, एवढेच.

कलासमीक्षेची तऱ्हा निराळी. तिला ही छापील चित्रे दिसतात, पण तैलचित्राची स्वस्त नक्कल म्हणून. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी भिंगाखाली धरा. गालावर कातडीचा रंग कुठेच नाही. आहेत ते गुलाबी, पिवळे, करडे ठिपके. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. कोणत्या दगडावर किती दाट ठिपके दिले म्हणजे कागदावर गाल उजळेल, हे आधी मनात पाहावे लागे, तेही उलट्या बाजूने. मी याला भाषांतर म्हणतो. मी पाहिलेल्या प्रतींवर चित्रकाराचे नाव आहे, छापखान्याचे आहे. ठिपके देणाऱ्याचे नाही.

काम संपले की दगड घासून दुसऱ्या चित्रासाठी घेत. म्हणजे ज्यावरून छापले ते पुसलेले. तरीही अशी प्रत दाखवली की जाणकार विचारतात, "मूळ चित्र आहे का?" या कलेत प्रत हेच चित्र, तैलचित्र हा तिचा कच्चा माल.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. आमच्या आंबिवलीत जुनी घरे पडून इमारती उठताहेत. नव्या देवघरात मोठी तसबीर मावत नाही, देवाला कचऱ्यात टाकवत नाही. मग ती पिंपळाच्या पारावर येते आणि एका पावसाळ्यात तिचा लगदा होतो. नक्कलच ती, म्हणून कोणी नोंद ठेवत नाही.

पारावरून आणलेल्या दोन लक्ष्म्या माझ्याकडे आहेत, एकाच छपाईच्या. एकीच्या पदरावर कुणीतरी जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. टाके बारीक आहेत, आणि टिकल्या फक्त काठावर. छापलेल्या चुण्यांना सुई लागू दिलेली नाही.