कौशल्य वर्गाचे की माणसाचे?

कथा-कवितांच्या समीक्षेसाठी राखलेल्या या पानांवर एका खेळाच्या नियमपुस्तकाविषयी लिहावे, हे आमच्या काही ज्येष्ठ वाचकांस कदाचित रुचणार नाही. परंतु ज्या पुस्तकातील नियमांवरून माणसे घडविली जातात, ते पुस्तक माणसाविषयी काहीएक मत बाळगून असतेच. आणि मत आले की समीक्षेला वाव आला. आमचे सारे सेवाजीवन महसूल खात्यात नियम वाचण्यात आणि लावण्यात गेले. त्या सवयीनेच, गेल्या दिवाळीत नातवाने इंदूरच्या घरी मांडलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची पुस्तके आम्ही वाचून काढली. त्यांत त्याची स्वतःची नवी पुस्तके होती, तसेच त्याच्या मामाने महाविद्यालयात असताना घेतलेले जुन्या आवृत्तीचे पुस्तकही होते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यामुळेच हा लेख सुचला.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण चालक होऊन अद्भुत कथेचा प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेऊन ‘मी आता असे करतो’ म्हणून सांगतात. यश अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो. आम्ही त्यास पात्रवर्ग म्हणू. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धर्मोपदेशक, कोणी चोर. आमचा प्रश्न एवढाच आहे, की भिंत चढणे, लपणे, चाहूल घेणे, जुनी लिपी उलगडणे ही कौशल्ये त्या पात्राला कोण देतो? त्याचा वर्ग देतो, की त्याने जगलेले आयुष्य?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा वर्ग तीनच होते: योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. कौशल्यांची यादी अशी जवळपास नव्हतीच. अंधारात दबा धरायचा असेल, तर खेळाडूने ते सांगावे आणि चालकाने तारतम्याने निर्णय द्यावा, अशी रीत होती. १९७५ सालच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा चौथा वर्ग आला, आणि त्याच्याबरोबर कौशल्यांचा तक्ता आला. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शंभरात १५, सावलीत लपण्याची १० आणि भिंत चढण्याची ८७ अशी दिली आहे.

आता गंमत पाहा. योद्ध्याने लपू नये, असे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. तरीही चोराच्या नावापुढे ‘लपणे’ हा रकाना आला, आणि बाकीच्यांपुढे तो आला नाही, एवढ्याने काम झाले. कालपर्यंत जे कोणालाही करून पाहता येत होते, ते एकाचा हक्क ठरले. आणि ज्याला हक्क मिळाला त्या बिचाऱ्याच्या हातीही दहात एक एवढीच संधी आली. शासनसेवेत आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. एका पदाच्या कर्तव्यसूचीत एखादे काम लिहिले गेले की त्याच क्षणी ते इतरांसाठी निषिद्ध होते. निषेधाचा वेगळा आदेश काढावा लागत नाही.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा गुंता सोडविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. कौशल्यांची एकच यादी सर्वांसाठी खुली केली आणि ती विकत घेण्यासाठी गुण दिले. परंतु वाटप वर्गाच्याच हाती राहिले. प्रत्येक पातळीला चोराला, म्हणजे आता ज्याला ‘रोग’ म्हणतात त्याला, ८ गुण आणि योद्ध्याला २; बुद्धीप्रमाणे त्यांत कमीअधिक. पहिल्या पातळीला याच्या चौपट. शिवाय आपल्या वर्गाच्या यादीतील कौशल्य एका गुणाला एक पायरी, यादीबाहेरचे मात्र दोन गुणांना एक पायरी, आणि तेही निम्म्या मर्यादेपर्यंतच.

नातवाच्या आग्रहाने आम्ही मामाच्या पुस्तकावरून एक योद्धा तयार केला. तो वेशीवरचा पहारेकरी असावा, अशी आमची कल्पना. योद्ध्याच्या यादीत चढणे, उडी मारणे, पोहणे, घोड्यावर बसणे हे होते. पाहणे आणि ऐकणे नव्हते! सामान्य बुद्धीच्या आमच्या पहारेकऱ्याला, वंशाचा जादा लाभ सोडला तर, एकूण ८ गुण मिळाले. त्यांतले ४ ऐकण्यावर घातले तेव्हा कुठे २ पायऱ्या हाती आल्या, आणि तेथेच मर्यादा संपली. चोराने तेवढ्याच ४ गुणांत ४ पायऱ्या घेतल्या असत्या. आम्ही तक्रार केली, तेव्हा नातू हसून म्हणाला, “आजोबा, नियमात बसत नाही.”

त्याला काय ठाऊक, की हे वाक्य आमच्या परिचयाचे आहे. सेवेत असताना एका कार्यालयाच्या दप्तरखान्यात एक शिपाई होता. शिक्षण शालेयच, परंतु वडिलांकडून मोडी शिकलेला. होळकरशाहीतील जमिनीचा एखादा जुना कागद निघाला की पदवीधर लिपिक त्याच्याकडे घेऊन जात, आणि तो उभ्या उभ्या वाचून दाखवी. पुढे त्याने लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला. त्यावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा आम्हीच लिहिला. शेरा नियमाप्रमाणे अचूक होता. तो निवृत्त झाल्यावर त्या दप्तरखान्यातील मोडी कागद वाचणारे कोणी राहिले नाही. त्या पहारेकऱ्याचा कागद हातात धरून आम्ही बराच वेळ गप्प बसलो, ते या कारणाने.

याला पर्याय नव्हता असे नाही. १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात पात्रवर्गच नाहीत. जे कौशल्य पात्राने प्रसंगात यशस्वीपणे वापरले, तेच पुढे वाढण्याची संधी मिळते. आणि कौशल्य जितके अधिक, तितकी वाढीची शक्यता कमी. करील त्याला येईल, आणि मुरलेल्याला हळूहळू येईल, हे अनुभवाला धरून आहे. उमेदवारी केलेला कोणताही कारागीर याला मान डोलावील.

मग वर्ग हवेतच कशाला? येथे दुसरी बाजूही मांडणे न्यायाचे होईल. वर्गामुळे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला आपले असे एक स्थान मिळते. कुलूप आले की सर्वांच्या नजरा एकाकडे वळतात, जखम झाली की दुसऱ्याकडे. सर्वांना सर्व येऊ लागले तर कोणाचीच वाट पाहावी लागणार नाही, आणि मग मंडळ कसले? नवख्यालाही ‘तू योद्धा’ एवढे सांगितले की खेळता येते. हा लाभ लहान नाही. तेव्हा आमचा आक्षेप वर्गावर नाही. माणसाचे सर्व येणेजाणे वर्गातूनच मोजण्यावर आहे.

या दृष्टीने २०१४ सालची पाचवी आवृत्ती आम्हाला सर्वांत समंजस वाटते. तिच्यात १८ कौशल्ये आहेत आणि यश अशक्य नसेल तेथे कोणालाही प्रयत्न करता येतो. शिकलेल्याला तेवढी २ ते ६ ची भर मिळते. योद्ध्याला आपल्या वर्गाच्या यादीतून दोन कौशल्ये निवडता येतात, आणि तीत अवधान आता आहे. चोराला चार मिळतात. याखेरीज ‘पार्श्वभूमी’ म्हणून आणखी दोन कौशल्ये मिळतात, आणि ती वर्गावर अवलंबून नाहीत. रस्त्यावर वाढलेले अनाथ मूल पुढे योद्धा झाले, तरी त्याला चोरपावलांनी चालता येते आणि हातचलाखी येते. कारण ते वर्गात येण्यापूर्वीच जगलेले आहे. आमच्या शिपायाला या नियमाखाली मोडी येत असल्याची नोंद त्याच्या कागदावर झाली असती. उणीव एकच, की पुढील आयुष्यात जे करावे ते आपोआप वाढण्याची ‘रूनक्वेस्ट’ची सोय येथे नाही.

दुर्दैवाने २०२४ सालच्या सुधारित पुस्तकाने या चांगल्या कल्पनेला नवे लोढणे बांधले. पूर्वी बळ, बुद्धी इत्यादी मूळ गुणांतील वाढ वंशावरून मिळे. ती आता पार्श्वभूमीला जोडली आहे. वंशाचे जोखड निघाले, हे उत्तमच. परंतु शेतकऱ्याच्या पार्श्वभूमीला बळ, काटकपणा आणि शहाणपण यांतच वाढ मिळते; बुद्धीत नाही. जादूगाराला तर बुद्धीच लागते. परिणाम असा, की हिशेबी खेळाडू जादूगारासाठी शेतकऱ्याचे घर निवडणार नाही, विद्वानाचे निवडील. चालकाला नवी पार्श्वभूमी रचण्याची मुभा आहे, हे खरे. पण छापील तक्ता समोर असताना किती जण ती मुभा वापरतील? जो दरवाजा वर्गाच्या भिंतीत पाडला होता, त्यालाच पुन्हा अर्धी कडी घातली गेली.

आपल्यापैकी अनेकांची आडनावे चिटणीस, फडणीस, पोतनीस अशी आहेत. पूर्वजांनी कधी काळी केलेले काम आपण नाव म्हणून वागवीत आलो. त्यांतील किती जणांना आज दप्तर राखता येते, आणि दप्तर राखू शकणाऱ्या किती जणांना तसे आडनाव नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून हा प्रश्न मुलांच्या खेळापुरता आहे, असे आम्हास वाटत नाही. नियम करणाऱ्याने माणसाला जागा जरूर नेमून द्यावी. पण त्या जागेवर येण्यापूर्वी त्याला काय येत होते, हे विचारण्यासाठी कागदावर एक रकाना मोकळा ठेवावा.

नातवाला आम्ही एवढेच सुचविले, की आमच्या पहारेकऱ्याला ऐकू येऊ दे. त्याने थोडा विचार केला, आणि पुस्तक मिटून ‘हो’ म्हणाला. चालकाच्या अधिकारात ते बसते. आमच्याही अधिकारात थोडेफार बसले असते.