दगड आणि त्याची चिठ्ठी

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे सदबीज या संस्थेने केलेल्या लिलावात २४.६७ किलोग्रॅम वजनाचा एक दगड सुमारे ५३ लाख डॉलरला विकला गेला. हा दगड मंगळावरून आलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो नायजर या देशातील अगादेझ भागात, सहारा वाळवंटात सापडला होता. अशी बातमी वर्गात पोचली की मुलांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा, "आपल्यालाही असा दगड सापडेल का?" हा. दुसरा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर देताना अशनी शोधण्याच्या, जमवण्याच्या आणि विकण्याच्या छंदाविषयी शिक्षकाने काय भूमिका घ्यावी, हे ठरवण्यासाठी आम्ही एक पुस्तक आणि एक दूरचित्रवाणी मालिका यांचे परीक्षण येथे करत आहोत. पुस्तक हार्वे नायनिंगर यांचे 'फाइंड अ फॉलिंग स्टार' (१९७२) हे आत्मचरित्र, आणि मालिका 'मिटिओराइट मेन' (२००९ ते २०१२).

आधी शब्दांविषयी थोडेसे. आकाशात क्षणभर चमकून जाते ती उल्का. वातावरणातून जळत येऊनही जो भाग उरतो आणि जमिनीवर पडतो तो अशनी. हा छंद अशनींचा आहे.

नायनिंगर (१८८७ ते १९८६) हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मॅकफर्सन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. ९ नोव्हेंबर १९२३ रोजी संध्याकाळी त्यांनी आकाशातून जाणारा एक तेजस्वी अग्निगोल पाहिला. दुसरा कोणी असता तर चार जणांना सांगून गप्प बसला असता. यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडे चौकशी सुरू केली. तो गोल तुम्हांला कोणत्या दिशेला दिसला? कोणत्या झाडामागे किंवा छपरामागे मावळला? दोन वेगळ्या गावांहून दिसलेल्या दिशा नकाशावर आखल्या की त्या रेषा कोठे छेदतात ते कळते. नववीच्या भूमितीपलीकडे यात काही नाही. या चौकशीतून लोकांच्या घरीदारी पडून राहिलेले जुने अशनी पुढे येऊ लागले, आणि नायनिंगर यांना त्यांची पद्धत सापडली. शाळांतून आणि गावांतून व्याख्याने द्यायची, हातात खरा अशनी द्यायचा, असा जड, काळपट दगड कोणाच्या शेतात निघाला आहे का ते विचारायचे, आणि तो अशनी ठरल्यास विकत घ्यायचा.

त्या वेळच्या तज्ज्ञांना हा वेडेपणा वाटला. आयुष्यभर असे हिंडलात तरी एखादाच अशनी हाती लागेल, असे त्यांना ऐकवले गेले. प्रत्यक्षात त्यांनी शेकडो अशनी उजेडात आणले. १९३० मध्ये, ऐन मंदीच्या तोंडावर, नोकरी सोडून ते डेन्व्हरला गेले आणि हेच काम पूर्णवेळ करू लागले. या पुस्तकाचे खरे मोल आम्हांला येथे दिसते. शेतकऱ्याने पाहिलेले, शाळकरी मुलाने सांगितलेले खरे असू शकते आणि नीट प्रश्न विचारले तर त्यातून मोजता येण्याजोगी माहिती मिळते, या विश्वासावर हे सारे काम उभे राहिले. हा विश्वास एका शिक्षकाचा आहे. विज्ञान प्रयोगशाळेतच घडते असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला या पुस्तकाची पहिली काही प्रकरणे जरूर सांगावीत.

पुस्तकाची दुसरी बाजू पैशाची आहे. पोटासाठी नायनिंगर यांना अशनी कापून त्यांचे तुकडे विकावे लागत. १९४६ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराजवळ, हमरस्त्याकडेला, तिकीट लावून संग्रहालय काढले. अखेर संग्रहच विकावा लागला. १९५८ मध्ये त्याचा काही भाग १ लाख ४० हजार डॉलरला ब्रिटिश म्युझियमकडे गेला, आणि उरलेला १९६० मध्ये २ लाख ७५ हजार डॉलरला ॲरिझोना राज्य विद्यापीठाकडे. विज्ञानसंस्थांनी आपल्याला वेळेवर हात दिला नाही, ही त्यांची तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. पण अशनी नेमका कोणाचा, या प्रश्नाशी ते फारसे थांबत नाहीत. त्यांच्या देशात तो प्रश्न सुटलेला होता. १८९२ मध्ये आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशनी जमीनमालकाचा ठरवला होता. मालकाशी सौदा झाला की काम झाले. या छंदाचा अमेरिकन नमुना या कायद्यावर उभा आहे, हे वाचकाने लक्षात ठेवले पाहिजे.

पुस्तकाकडून मालिकेकडे जाण्याचा रस्ता कॅन्ससमधील ब्रेनमच्या शेतांतून जातो. १८८० नंतरच्या दशकात तेथे राहायला आलेल्या इलायझा किंबर्ली या शेतकरी बाईने नांगराला लागणारे जड काळे दगड गोळा करायला सुरुवात केली. शेजारी हसत. कोणी ते दगड गवताच्या गंजीवर वजन म्हणून ठेवत. ही बाई मात्र वर्षानुवर्षे जाणकारांना पत्रे लिहीत राहिली. १८९० मध्ये क्रेगिन नावाचे प्राध्यापक आले आणि ते अशनी निघाले, तेही पॅलासाइट या दुर्मीळ जातीचे. या जातीत लोह-निकेलच्या जाळीत ऑलिव्हिनचे पिवळसर हिरवे स्फटिक बसवल्यासारखे दिसतात. विक्रीच्या पैशातून शेतावरचे कर्ज फिटले. पुढे १९३३ मध्ये नायनिंगर यांनी तेथील एक उथळ खळगा खणून काढला. तो अशनीच्या आघाताने झालेला होता. २००५ मध्ये त्याच परिसरात स्टीव्ह अर्नोल्ड यांना मोठ्या धातुशोधकाच्या साहाय्याने सुमारे ६५० किलोग्रॅमचा पॅलासाइट मिळाला. 'मिटिओराइट मेन' मालिकेतील दोन शोधकांपैकी हे एक. दुसरे जेफ्री नॉटकिन.

मालिकेचे गुण मान्य केले पाहिजेत. अशनी फुटून पडतात तेव्हा त्यांचे तुकडे लांबट पट्ट्यात विखुरतात, आणि जड तुकडे साधारणपणे पट्ट्याच्या पुढच्या टोकाला सापडतात. हे पुस्तकात वाचून जितके कळते त्याहून शेतात चालणाऱ्या माणसांकडे पाहून अधिक कळते. जमिनीची चौकटीत आखणी, खोलवर खणणे आणि शेवटी गंजका नांगराचा फाळ निघाल्यावरची निराशा, हे सारे मुलांना दाखवण्याजोगे आहे.

पण दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे किंमत. दगड हाती आला की तो किती डॉलरचा हे सांगितले जाते, आणि शोधाचा शेवट तेथे होतो. हा दगड किती जुना, कोणत्या जातीचा, कोणत्या लघुग्रहाचा असू शकेल, हे प्रश्न मागे पडतात. पाहणाऱ्या मुलाच्या मनात आकडा राहतो. दुसरी म्हणजे चुंबक. बहुतेक अशनींमध्ये लोह-निकेल असते, म्हणून काठीला चुंबक लावून हिंडणे ही या छंदाची जुनी रीत आहे. आपल्याकडेही अशनी ओळखण्याची पहिली चाचणी म्हणून चुंबकच सांगितला जातो. मात्र खडकातील खनिजे आपल्या जन्मवेळच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद जपून ठेवत असतात. 'ब्लॅक ब्यूटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंगळाच्या खडकात सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे स्फटिक आहेत. मंगळाला एके काळी स्वतःचे चुंबकीय क्षेत्र होते, त्याची साक्ष या दगडाने दिली असती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की तपासलेल्या तुकड्यांतली जुनी नोंद हातातल्या चुंबकांनी पुसून टाकली आहे. कोट्यवधी वर्षे टिकलेली नोंद एका क्षणात गेली! नायनिंगर यांच्या काळी हा धोका ध्यानात आलेला नव्हता. आता आला आहे, आणि आपल्या वर्गातली सूचनाही बदलली पाहिजे.

या व्यापाराच्या बाजूने बोलणारे एक मुद्दा मांडतात, आणि तो उडवून लावता येणार नाही. व्यापारी नसते तर सहारातले हजारो अशनी वाळूतच राहिले असते. 'ब्लॅक ब्यूटी'सुद्धा मोरोक्कोतील बाजारातूनच २०११ मध्ये शास्त्रज्ञांपर्यंत पोचला. शिवाय नव्या अशनीला अधिकृत नाव हवे असेल तर त्याचा २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जो कमी असेल तेवढा भाग मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावा लागतो. म्हणजे बाजारातून विज्ञानाला वाटा मिळतो, हे खरे.

पण काय मिळत नाही, तेही पाहू. बाजारातून आलेल्या या अशनींची नावे पाहा. 'ब्लॅक ब्यूटी'चे अधिकृत नाव 'नॉर्थवेस्ट आफ्रिका ७०३४' आहे. लिलावातल्या दगडाचे नाव 'नॉर्थवेस्ट आफ्रिका १६७८८'. एरवी अशनीला तो पडला किंवा सापडला त्या जागेचे नाव मिळते. वाळवंटातला दगड हातोहाती फिरत बाजारात येतो, नेमकी जागा खात्रीने सांगता येत नाही, आणि गावाच्या नावाऐवजी खंडाचा कोपरा आणि एक क्रमांक उरतो. दगड येतो, पण त्याच्याबरोबरची चिठ्ठी हरवते.

चिठ्ठीने काय फरक पडतो, याचे उदाहरण सुदानचे आहे. ६ ऑक्टोबर २००८ रोजी एक छोटा लघुग्रह अवकाशात असतानाच दुर्बिणीला दिसला. दुसऱ्या दिवशी तो नुबियन वाळवंटावर फुटला. पीटर येनिस्केन्स आणि खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद यांच्याबरोबर विद्यापीठाचे विद्यार्थी वाळवंटात रांग धरून चालले. त्या शोधमोहिमांतून सुमारे ६०० तुकडे जमले. सापडलेल्या जागांची नोंद झाली. तपासणीत हे तुकडे एका जातीचे निघाले नाहीत. वेगवेगळ्या जातींचे खडक एकाच लघुग्रहात होते! हेच तुकडे सुटे सुटे बाजारात आले असते, तर जाणकारांनीही ते वेगवेगळ्या वेळी पडलेले वेगळे अशनी म्हणून बाजूला ठेवले असते, आणि हा शोध लागलाच नसता. तो लागला, कारण विद्यार्थ्यांनी नोंदी नीट ठेवल्या.

लिलावाचे पुढे काय झाले, तेही वर्गात सांगावे. विक्रीनंतर नायजर सरकारने हा दगड देशाबाहेर कसा गेला याची चौकशी जाहीर केली आणि मौल्यवान दगडांबरोबर अशनींची निर्यातही स्थगित केली. कॅन्ससच्या शेतात रास्त ठरणारा सौदा अगादेझच्या वाळवंटात तसाच रास्त ठरत नाही. मालिका पाहताना हा भेद कोठेही जाणवत नाही.

आपल्याकडे भारतात पडलेले अशनी जतन करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था करते. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. वेळ माहीत, जागा माहीत, दगड ताजे. त्यांतील एका तुकड्यात ब्रिजमनाइट हे खनिज आढळल्याचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या प्रावरणाच्या खालच्या थरात हे खनिज सर्वाधिक आहे, पण तेथून ते हाती येऊ शकत नाही, कारण वर येताना दाब उतरला की त्याची रचना टिकत नाही. दोन लघुग्रहांच्या टकरीतल्या प्रचंड दाबाने ते काटोलच्या दगडात तयार झाले होते. सहाशे-सातशे किलोमीटर खोलीखालचे खनिज विदर्भात आभाळातून पडले, असे म्हणायला हरकत नाही. लिलावात या दगडांना किती भाव आला असता हे विचारण्याची गरज यात कोठेच पडत नाही.

आमचे मत असे. नायनिंगर यांचे पुस्तक शिक्षकाने वाचावे. मालिकेचा एखादा भाग वर्गात दाखवावा, पण किमतीचा आकडा आला की तेथे थांबून पुढचे प्रश्न मुलांकडून काढून घ्यावेत. छंद म्हणून दगड जमवण्यापेक्षा नोंदी जमवण्याची सवय लावावी. अग्निगोल दिसला तर वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि आवाज आला असल्यास किती सेकंदांनी आला, हे लगेच लिहून ठेवावे. संशयास्पद दगड मिळाला तर तो जागेवर असतानाच शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. तो धुऊ नये, फोडू नये, त्याला चुंबक लावू नये. कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवून जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागामार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. शंभरांतले नव्व्याण्णव दगड साधा बेसाल्ट किंवा भट्टीतली मळी निघतील. त्यांच्याही चिठ्ठ्या मुलांनी वहीत जपून ठेवाव्यात, कारण नोंद करायला हात त्यांवरच बसतो.